ढगाच्या डोक्यावरचं लाल झाड

लातूरच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसलेल्या मंजुश्रीनं सव्वाशे किलोमीटरवरच्या बिलोलीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीला फोन लावला. उभ्या जन्मात उमाअक्कानं तिचं एकही म्हणणं खरं मानलं नव्हतं.

"अक्का, तुमच्या ढगातून वीज वर चाललीय! लाल झाडावानी, पारंब्या सोडून!"

"येडी झालीस का? मी त्याच ढगाखाली हाय. वीज खालीच पडून राहिली."

"खालून कशी दिसंल? ती ढगाच्याही वर फुलते नि लगेच मिटते. थांब, फोटू धाडते."

फोटो गेला. पलीकडून नुसता गडगडाट ऐकू आला.

"हाव," अक्का शेवटी म्हणाली, "खरंय तुझं."

मंजुश्रीला भरून आलं.

"पण ढग बिलोलीचा हाय, ध्यानात ठेव. लातुरात असलं काही उगवत न्हाई."