अर्ध्यावर थांबलेला काटा

बहिणीच्या पत्राला ग्रंथपालाने उत्तर दिलं नव्हतं. रोज सकाळी तो टेबलाशी बसे, कोरा कागद पुढे ओढी, पेनाचं टोपण काढी, आणि मग कुठलंतरी जाडजूड पुस्तक उघडून दुपार करी. जन्मभर वाचनालयात लोकांना हवं ते पुस्तक डोळे मिटून काढून दिलं, पण सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

पत्र लांबलचक नव्हतंच. ताईचं सगळं असं तुटक. ‘बाबांनी ही गाडी इतकी वर्षं चालवली. एकदाही तापली नाही. तुझ्या हातात आली आणि घाटात उकळली. मी स्वतः येऊन पाहिलं. तू तिचं काय केलंस? सांभाळणं होत नसेल तर मला दे. बाबांची म्हणून एवढी एकच वस्तू उरली आहे.’

यातलं एक अक्षर खोटं आहे असं ग्रंथपालाला वाटलं नाही. ताईचं गाव घाटाच्या वर. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच तो बायकोला घेऊन तिकडे निघाला होता, आणि अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. ताई दुसऱ्याची गाडी घेऊन खाली आली, भावाकडे न बघता तिने आधी बाबांच्या गाडीकडे बघितलं, आणि रस्ताभर बोलली नाही. तिची शांतता काय असते ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आपणच काहीतरी चुकीचं केलं असणार. गिअर चुकीचा टाकला असेल, क्लच जास्त दाबला असेल. आपल्या हाताला यशच नाही. त्याने मनातल्या मनात गाडी ताईला देऊनही टाकली होती. फक्त ‘हो, चूक माझीच’ हे लिहायला हात धजत नव्हता.

बायकोने मात्र हट्ट धरला. “आधी दुखणं काय ते कळू द्या, मग खुशाल दान करा.”

म्हणून गाडी मिस्त्रीकडे गेली. गाडी जुनी, पत्र्याची, चारही चाकांना जोर असलेली, दगडधोंड्यांतून चढणारी. मिस्त्री गडगडाटी माणूस. रोगी बघायच्या आधीच औषध सांगणारा.

“रेडिएटर!” तो म्हणाला. “डोळे झाकून सांगतो काका, रेडिएटर चोंदलाय.”

रेडिएटर काढून, खोलून, साफ करून बसवला. गाडी घाटात उकळली.

“थर्मोस्टॅट. पाण्याची वाट उघडणारा हा मेला अडकून बसतो. शंभर टक्के.”

थर्मोस्टॅट नवा आला. गाडी उकळली.

“आता पाण्याचा पंपच. नाहीतर मिशी उतरवीन.”

पंप बदलला. गाडी पुन्हा उकळली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची बायको दारातूनच म्हणाली, “काका, वस्तरा आणलाय का?” गॅरेजमधली विजेची सगळी कामं ती करायची. वायरी, दिवे, बॅटऱ्या तिच्याकडे. नवऱ्याची फजिती हा तिचा जोडधंदा.

“तू गप गं,” मिस्त्री म्हणाला. “काका, उद्या मी स्वतः येतो घाटात. तुम्ही चालवता कसं ते बघायचंय मला.”

ग्रंथपालाने मनाशी म्हटलं, झालं. आता निकालच लागणार.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिघं निघाले. ग्रंथपाल चालवत होता, मिस्त्री शेजारी, ग्रंथपालाची बायको मागे. चढ सुरू झाला तसा तापमानाचा काटा हलला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे गेला, लाल पट्ट्याकडे निघाला. ग्रंथपालाचे तळवे स्टिअरिंगला चिकटले.

“चालवता तर बरोबर,” मिस्त्री पुटपुटला. मग एकदम ओरडला, “हीटर लावा!”

“या उन्हात?”

“लावा हो! इंजिनची गरमी आत ओढून घेतो तो. दुसरा छोटा रेडिएटरच समजा. काचा खाली करा.”

भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ पायांवर आली. तिघंही घामाघूम झाले. आणि काटा, रुसलेलं पोर परत फिरावं तसा, हळूहळू मागे सरकला.

मागून बायको हसली. “अगदी बाबांसारखं झालं.”

“म्हणजे?” मिस्त्रीने मान वळवली.

“अहो, सासरे या चढाला लागले की हीटर लावायचेच. ऐन उन्हाळ्यात. म्हणायचे, घाम गाळला की माणूस हलका होतो. नवी सून होते मी, नव्या साडीत. काय बोलणार?”

मिस्त्री हसला नाही. “प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी. ह्यांना विचारा. लहानपणापासूनचा नेम.”

“हो,” ग्रंथपाल म्हणाला. “आमच्या घरचा नेमच तो. चढ म्हणजे घाम.”

“आणि थांबायचे कुठे?”

“पुढच्या वळणावर. दरी दाखवायला. त्यांना फार आवड. सगळ्यांना उतरवून एकेका डोंगराचं नाव सांगायचे.”

“बॉनेट उघडायचे?”

ग्रंथपालाच्या डोळ्यांसमोर ते वळण आलं. आई कठड्यावर बसलेली, ताई डोंगरांची नावं पाठ म्हणतेय, बाबा हात पाठीमागे बांधून उभे. आणि त्यांच्या मागे, प्रत्येक वेळी, उघडं बॉनेट. आपले पाय मोकळे होतात तसं बिचाऱ्या इंजिनलाही होऊ दे, असं म्हणायचे. सगळी हसायची.

“काका,” मिस्त्री पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, “ही गाडी तुमच्या वडिलांच्या हातातही तापत होती.”

“शक्य नाही.”

“हीटर, थांबा, बॉनेट. आणखी काय पाहिजे?”

“पण काटा!” ग्रंथपालाचा आवाज चिरकला. “काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नाही. आई त्याच्यावर डोळे लावून बसायची. एकदा गाडी बंद पडून आम्ही अंधारात अडकलो होतो. तेव्हापासून तिने सांगून ठेवलं होतं, काटा अर्ध्याच्या वर गेला की मी उतरून चालत घरी जाईन. बाबा म्हणायचे, बघ, आहे का वर? आणि नसायचा. मी पाहिलंय. ताईनं पाहिलंय.”

ते तिथूनच मागे वळले.

गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. नेहमीचा टोमणा आला नाही.

“काटा चढायला कधी लागला, काका?”

“बाबा गेल्यावर गाडी उभी होती. उंदरांनी वायरी कुरतडल्या. तुम्हीच नव्या घातल्यात. त्यानंतर.”

ती उठली आणि फळीवरून सुट्या सामानाचा डबा काढून टेबलावर पालथा केला. नट, फ्यूज, तुटके दिवे. त्यातून तिने तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू चिमटीत धरली. अंगावर रंगीत पट्टे, दोन्हीकडे तारेचे तुकडे, एका तारेवर पिवळी नळी.

“हे रेझिस्टर, वीज थोडी अडवणारं, तुमच्या काट्याच्या वायरीत होतं. कंपनीचं नव्हे हे. मला वाटलं, कुणी उगाच घुसवलंय. काढलं आणि वायर सरळ जोडून दिली.” तिने ती वस्तू ग्रंथपालाच्या तळहातावर ठेवली. “हे वायरीत असलं ना काका, की काटा खरा असतो त्याच्या खालीच दिसतो. इंजिन उकळलं तरी हा अर्ध्यावर.”

ग्रंथपालाने ती उजेडात धरली. ती पिवळी नळी तो ओळखत होता. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि कथलाने डाख दिलेल्या प्रत्येक तारेवर ते अशीच पिवळी नळी चढवायचे, कात्रीने एकसारखी कापून. दुसऱ्याच्या रेडिओत नुसती बारीकशी घरघर राहिली तरी ज्यांना जेवण गोड लागत नसे, त्यांनी घरच्या काट्याला खोटं बोलायला शिकवलं होतं. आईच्या समोर. रोज.

“पण मग तापायची का?” ग्रंथपालाच्या बायकोने विचारलं. तिलाच काय ते भान होतं. “खोटं लपवायचं तर लपवायचं, दुरुस्त का नाही केली?”

मिस्त्रीने डोकं खाजवलं. “इंजिन उघडावं लागेल. खरं सांगू काका? ते मी मुद्दामच उघडलं नाही. माझा उस्ताद म्हणायचा, त्या रेडिओवाल्याने इंजिन स्वतः बांधलंय, घड्याळासारखं. त्याला हात लावायचा नाही. गावात कुणीच लावत नव्हतं. मी पण बाकीचं सगळं बदलत बसलो.”

त्याने इंजिनावरची घाण पुसली. इंजिनचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, आवळून धरणाऱ्या बोल्टांवर लाल रंगाचे ठिपके होते. एक बोल्ट, एक ठिपका. बाबांची सवय. काम झालं की स्क्रूवर लाल ठिपका, म्हणजे दुसऱ्याने उघडलं तर कळावं. एकही ठिपका फुटलेला नव्हता.

मिस्त्रीने बोल्ट सैल केले. ठिपक्यांचे कपचे जमिनीवर पडले. त्याने आणि ग्रंथपालाने मिळून डोकं उचललं. खाली गॅस्केट होतं. इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधला हा पातळ पत्रा. त्याला पाणी वर जायला भोकं असतात. मिस्त्री वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“अगं, इकडे ये.”

मिस्त्रीची बायको आली. तिने पाहिलं, आणि पदर तोंडावर घेतला.

“काय झालं?” ग्रंथपाल म्हणाला.

मिस्त्रीने बोट ठेवलं. पत्र्याच्या कडेला बाण आणि ‘पुढची बाजू’ असा ठसा होता. तो इंजिनच्या मागच्या टोकाला होता.

“उलटं बसवलंय. पाणी पुढच्या पुढे फिरून परत जातंय. मागच्या भोकांवर नुसता पत्रा. मागच्या सिलिंडरला पाणी लागलेलंच नाही, काका. कधीच.”

ग्रंथपाल त्या ठशाकडे बघत राहिला. तो उन्हाळा त्याला आठवत होता. अंगणात सुटं केलेलं इंजिन, येणाऱ्याजाणाऱ्याची गर्दी, बाबांनी कुणालाही हात लावू न देणं. फक्त ताईला परवानगी होती. ती पाने-पकडी द्यायची, दिवा धरायची. आजही ती पाहुण्यांना सांगते, त्या इंजिनात निम्मे हात माझे आहेत. गाडी सुरू झाली तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. पुढे चढावर कधीतरी पहिली वाफ आली असेल. तेव्हा बाबांना कळलं असेल की पुन्हा उघडावं लागणार, त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर. आणि ते घाबरले असतील.

बाबा घाबरले असतील! हा विचार त्याच्या डोक्यात मावेना. घाबरणं ही या घरात त्याची एकट्याची मिरास होती.

“ताईंना एवढंच लिहा,” घरी येताना बायको म्हणाली, “गॅस्केट गेलं होतं, बदललं. खोटं काही नाही त्यात.”

“खोटं नाही,” तो म्हणाला.

“मग?”

“काटाही अर्ध्यावरच असायचा.”

 “ताई रडतील हो,” बायको म्हणाली.

“रडेल. मला बोलेल. बाबांना नावं ठेवतो म्हणेल. कदाचित बोलणंच सोडेल.”

नवं गॅस्केट सरळ बसवून गाडी आली तेव्हा तो एकटाच घाट चढून आला. हीटर बंद होता. कुठेही न थांबता तो वर पोचला आणि काटा कुठे आहे हे बघायचं विसरला. आठवलं तेव्हा बघितलं. जागच्या जागी. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो कितीतरी वेळ गाडी बंद करून नुसता बसला.

त्या दुपारी त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुस्तक उघडलं नाही. पहिली ओळ लिहायलाच सर्वांत जास्त वेळ लागला. आजवर त्याने कुणालाही असं काही लिहिलं नव्हतं, बोललाही नव्हता. ‘ताई, मी गाडीचं काही केलं नाही.’ लिहून तो दचकला. इकडेतिकडे बघितलं. मग पुढे लिहीत गेला: ठसा, पिवळी नळी, हीटर, वळण. कशालाही विशेषण लावलं नाही. शेवटी लिहिलं, ‘बाबांना माझ्यासारखी भीती वाटत होती हे आधी कळलं असतं, तर मी त्यांच्याशी जास्त बोललो असतो. गाडी तुला हवी असेल तर घेऊन जा. आता ती तापत नाही.’

बायकोने वाचलं. पाकिटावर तिकीट तिनेच चिकटवलं.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. ग्रंथपालाने पाकीट फटीत धरलं. चप्पल ओढत कुणीतरी मागून गेलं. त्याने बोटं सोडली आणि आत कागदावर कागद पडल्याचा आवाज आला.