एक्सप्रेस स्टेशनातच

बाईंनी पाकीट फाडलं, आतला छापील कागद एक्सप्रेसच्या पुढ्यात सरकवला आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"हं, वाच."

ही पोरगी वर्गात वाचायला उभी राहिली की छताचा पंखासुद्धा लाजून हळू फिरायचा, असा तिच्या जिभेचा वेग. नाव पडलं ते त्यावरूनच. आणि आज गाडी स्टेशनातच उभी.

"बाई, हा आधी कुणी वाचलाय?"

"कुणीच नाही. मीसुद्धा नाही. तूच पहिली."

"मग मला कसा येईल?"

तिने हे इतक्या सरळपणे विचारलं की बाईंना हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. हेडमास्तरांचं नवं फर्मान होतं: एकेकाला वेगळ्या खोलीत बसवून अनोळखी उतारा द्यायचा, ज्याला वाचता येणार नाही, त्याने उद्यापासून खालच्या वर्गात बसायचं. खालच्या वर्गात एक्सप्रेसची धाकटी बहीण होती, आणि ती मिटल्या तोंडाने बघत बसणाऱ्यांतली नव्हती.

बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि पाठ्यपुस्तकातला होडीवाल्याचा धडा उघडून दिला.

गाडी सुटली. नदी फुगली, वारा उठला, होडी हेलकावे खाऊ लागली. पान संपलं की बोट आपसूक ते उलटत होतं. बाईंनी हळूच पानावर तळहात ठेवला. आवाज चालूच. पुस्तक काढून मांडीवर घेतलं, तरी आवाज चालूच; एक्सप्रेस आता हवेतलं पान उलटत होती.

आजवर तिला दुसऱ्या परिच्छेदापुढे कुणी जाऊच दिलं नव्हतं. इतकं छान वाचणाऱ्या मुलीला तपासायचं तरी काय? आज बाईंनी थांबवलं नाही.

"होडीवाल्याने वल्हं उचललं, खिडकीजवळच्यांनो तोंडं बंद, आणि तो म्हणाला, घाबरू नका, काठ आला, ए लांबुडक्या, तुला वेगळं सांगू का."

मधला खोकलासुद्धा बाईंचाच होता.

अख्खं पुस्तक, वाचता वाचता बाईंनी वर्गाला दिलेल्या दटावण्या, घंटेआधीची घाई, सगळं त्या दोन वेण्यांच्या मधे मावलं होतं. हिच्या डोक्याला कान लावला तर वर्गाचं सबंध वर्ष ऐकू येईल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी धड्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

एक्सप्रेसने मान तिरकी केली. "ह्याला पाहिलंय. नाव नाही माहीत."

"अगं, वाचताना ह्यांच्याकडेच बघायचं असतं."

"ज्यांना येत नाही ते बघतात," एक्सप्रेस समजुतीने म्हणाली. "तुम्ही कुठे बघता?"

बाईंच्या डाव्या तळव्यावर ते पुस्तक उघडंच होतं. गेली कित्येक वर्षं ते असंच उघडं असायचं, आणि डोळे असायचे खिडकीजवळच्या बाकांवर.

दारातून हेडमास्तरांनी डोकं आत घातलं.

"झालं का? एक्सप्रेसला काय एवढं तपासताय? द्या पूर्ण गुण आणि पुढचा बोलवा."

"हिला वाचता येत नाही, सर."

हेडमास्तर हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांचंही हसू ओसरलं. एक्सप्रेसने दोन्ही हात बाकाखाली घेतले.

"मग उद्यापासून धाकटीशेजारी," ते जरा नरमाईने म्हणाले.

"नको. माझ्याकडेच राहू दे. हे वाचन ती माझ्याकडूनच शिकलीये."

हेडमास्तरांना काही उमगलं नाही. पण बाईंचा चेहरा बघून ते मागच्या पावली गेले.

खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. बाईंनी चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवला, तो कोरा करकरीत उतारा पुढे ओढला आणि पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. डोळे बारीक केले. पहिलं अक्षर चाचपडत उच्चारलं, मग दुसरं, मग अडल्या.

एक्सप्रेस टक लावून बघत होती.

"बाई, तुम्हालापण येत नाही?"

"नाही गं. बघावं लागेल."

एक्सप्रेसने स्टूल फरफटत जवळ आणलं, कागदावर वाकली आणि बाईंच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.