सोमवारचं मौन आणि पिवळा रुमाल

शुभाचं सोमवारचं मौन लग्नाच्या आधीपासूनचं. पहाटे डोळे उघडले की मनातल्या मनात महादेवाला हात जोडायचे, आणि पूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लेकीला उठवायचं ते पायाला हात लावून, दूध उतू चाललंय हे सांगायचं ते टाळी वाजवून. एरवीही तिचा आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागे. त्यामुळे सोमवारी काही मोठा फरक पडतो असं नाही, असं तिचा नवरा पद्मनाभ चेष्टेने म्हणायचा.

पद्मनाभाचा सोमवार मात्र फार बोलका. अमेरिकेत शिकायला होता तेव्हा त्याला तिथल्या फुटबॉलचं वेड लागलं. नाव फुटबॉल, पण खेळायचा बहुतेक हातांनी, तो. शिक्षण संपलं, नोकरी सिंगापूरला लागली, वेड काही सुटलं नाही. तिकडची रविवारची दुपार म्हणजे इकडची सोमवारची पहाट. तिथल्या तोआ पायोह भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका कोपऱ्यात देवघर आणि दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही. एकीकडे पिंडीवर दुधाची धार चालायची, तर दुसरीकडे पंचांच्या नावाने शिमगा.

पद्मनाभ तसा भांडखोर नव्हे. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात त्याचा चढा आवाज कुणी ऐकला नसेल. खेळाडू चुकले तरी तो नुसता चुकचुकायचा. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला पंच चुकला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "डोळे काय गहाण ठेवलेत?" "समोर उभा राहून दिसत नाही तुला?" हे सगळं अस्सल मराठीत, उभं राहून, टीव्हीकडे बोट रोखून. टीव्हीतल्या पंचाला त्याचं काय? पण घराच्या खिडक्या उकाड्यामुळे सताड उघड्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज थेट खाली उतरायचा.

शुभा देवासमोर पाठमोरी बसून हे सगळं ऐकायची. ऐकता ऐकता तिला तो खेळ कळू लागला होता, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चेंडू हवेत असताना तो झेलायला धावणाऱ्याला धरून ठेवायचं नाही. धरलं, तर पंचाने खिशातला पिवळा रुमाल मैदानात फेकायचा. बऱ्याच गोष्टी व्हिडिओ पुन्हा बघून तपासतात, पण नेमक्या या धराधरीला ती सोय नाही. रुमाल पडला तर पडला. कधीकधी जप करताना तिचे कान टवकारलेले असत, आणि मग ती तेवढी माळ पुन्हा पहिल्यापासून ओढायची.

त्या आठवड्यात घरमालक मिस्टर चुआंचा मेसेज आला. शेजाऱ्यांची तक्रार आहे, सोमवारी सकाळी तुमच्याकडे आरडाओरडा चालतो. पुन्हा तक्रार आली तर करार वाढवणार नाही. एवढंच. कुणी केली, नेमकं काय म्हणाले, काही नाही.

शुभाने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. हे घर मिळायच्या आधी त्यांनी किती घरं पाहिली होती. देवघर म्हटलं, समई आणि उदबत्ती म्हटलं, की मालक मान हलवायचे. भिंती काळ्या होतात म्हणे. चुआंनी एकट्यांनी, दिवा लावा, फक्त लक्ष ठेवा, असं सांगितलं होतं. पिंडीला हक्काची जागा मिळाली ती इथेच. आता ती पिंडी पुन्हा डब्यात घालून दारोदार फिरायचं, या विचाराने तिला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

आणि पुढच्याच सोमवारी पद्मनाभाच्या टीमची बाद फेरीची मॅच होती.

रविवारी संध्याकाळी त्याने स्वतःच विषय काढला. टीव्ही लावतच नाही, म्हणाला. पण म्हणताना चेहरा असा केला, जसा दिवाळीला माहेरी जाऊ नको म्हटलेल्या सासुरवाशिणीने करावा. ही टीम इतक्या वर्षांनी इथवर आली होती.

"बघा की," शुभा म्हणाली. "पण माझ्यासारखं बघा. मौन धरून."

"मला जमणार आहे का ते?"

"तोंडात लवंग धरायची. आम्हाला लहानपणी आई द्यायची. लवंग आहे तोवर बोलायचं नाही."

लेक ऋग्वेदा वहीतून मान वर काढून इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा आणि क्वाएट? कॅनॉट लाह." त्यावर पद्मनाभ इरेला पेटला. त्याने त्याच वेळी हातावर पळीभर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. उद्या तुझ्या आईचा नैवेद्य होईपर्यंत मीही बोलणार नाही.

सोमवारी पहाटे मॅच सुरू झाली, ती टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून. पद्मनाभ सोफ्यावर मांडी घालून, गालात लवंग धरून बसला. सातच्या आत शुभा ऋग्वेदाला शाळेच्या बससाठी खाली सोडून आली. वर येताना लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅन भेटल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, रोज पहाटेच बाजार करून परतणाऱ्या. नेहमीप्रमाणे त्यांनी गुड मॉर्निंग म्हटलं, कशी आहेस विचारलं, आणि सोमवार असल्यामुळे शुभाने नेहमीप्रमाणे खाली बघत नुसते हात जोडले. तिच्या उजव्या मनगटावर पट्टी होती; आदल्या दिवशी तव्याचा चटका बसला होता. मिसेस टॅन त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिल्या. तक्रार यांनीच केली असेल का, असं शुभाच्या मनात आलं, आणि त्या चांगल्या बाईविषयी असं मनात आणलं म्हणून तिने तिथल्या तिथे कानाची पाळी धरली.

घरी येऊन ती पूजेला बसली. अभिषेक झाला, लिटिल इंडियातून आणलेली बेलाची पानं वाहून झाली. हॉलमध्ये एवढी शांतता होती की तिला चैन पडेना. दोनदा वळून पाहिलं. पद्मनाभ लाल झाला होता, कपाळावर घाम होता, एकदा तर उशी तोंडात कोंबून बसला होता, पण हूं की चूं नाही. तिला त्याची दया आली आणि अभिमानही वाटला.

नैवेद्याची वाटी एका हातात आणि घंटा दुसऱ्या हातात घेऊन ती स्वयंपाकघरातून येत होती, तेव्हा मॅच संपत आली होती. पद्मनाभाची टीम थोडक्यात मागे होती आणि शेवटचा एकच डाव उरला होता. शुभा सोफ्याच्या मागे थबकली. तिला देवघराशी जायचं होतं. पण पाय हलले नाहीत.

चेंडू उंच उडाला. कोपऱ्यात एक पोरगा जिवाच्या आकांताने धावला, त्याने हात वर केले, आणि चेंडू अजून हवेतच असताना मागच्याने त्याचा दंड धरून खाली ओढला. चेंडू घरंगळत गेला. पंच चार हातांवर उभा होता. त्याने पाहिलं, आणि दोन्ही हात हलवून सांगितलं, काही नाही, संपलं.

रुमाल पडला नाही.

पद्मनाभाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तोंड उघडलं, लवंग दिसली, तोंड मिटलं. त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं, पण आवाज आला नाही.

आवाज आला तो शुभाचा.

"अरे, हात धरला त्याने! दिसत नाही का रे मेल्या तुला!"

असा आवाज तिच्या गळ्यात आहे हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. हातातली पितळी घंटा फरशीवर पडून ठणाणत सोफ्याखाली गेली. पद्मनाभ वळून तिच्याकडे बघतच राहिला. शुभाने तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांचं मौन गेलं. आणि तो शब्द खिडकीतून खाली गेला असणार. आता घरही गेलं.

दोघं तसेच उभे होते, तोच दाराची बेल वाजली. लगोलग पुन्हा. मग कुणी तरी दारावर थापाच मारू लागलं.

पद्मनाभाने दार उघडलं. दारात मिसेस टॅन, धापा टाकत. लिफ्टची वाट न बघता जिना चढून आल्या होत्या. हातात मिटलेली छत्री, ती काठीसारखी धरलेली.

तुझी बायको कुठे आहे, त्यांनी विचारलं. पद्मनाभाने मौनातच आत बोट केलं. काय केलंस तिला, त्यांनी विचारलं. त्याने जोरजोरात मान हलवली आणि आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं. नैवेद्य व्हायचा होता, त्याचा संकल्प सुटला नव्हता. मिसेस टॅननी छत्रीने त्याला बाजूला सारलं आणि आत येऊन शुभाचा पट्टी बांधलेला हात हलकेच आपल्या हातात घेतला.

"गर्ल, यू ओके ऑर नॉट? डोन्ट स्केअर. टेल आंटी."

शुभाने पाहिलं तर छत्रीचं टोक अजून पद्मनाभाकडेच रोखलेलं होतं. आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर सोमवारी खालच्या घरात काय ऐकू जात असेल? एक पुरुष घसा फोडून ओरडतोय, दटावतोय, विचारतोय. कळत नाही अशा भाषेत. आणि बाईचा आवाज मुळी येतच नाही. तीच बाई मग लिफ्टमध्ये भेटते, काही विचारलं तर बोलत नाही, खाली बघते. आज हाताला पट्टी. आणि वर ही किंकाळी.

पुन्हा मौनात शिरायची तिला सोय होती. मोडलेलं व्रत तिथल्या तिथे सावरता आलं असतं. पण या बाईसमोर गप्प बसणं म्हणजे नवऱ्यावरचा आळ खरा करणं, हे तिला कळलं.

"आंटी, हसबंड शाउट, नॉट ॲट मी," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, बारीक. "हसबंड शाउट ॲट टीव्ही."

मग तिने आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. सोमवारी मी देवासाठी बोलत नाही. माझ्या मनानेच, कुणाच्या भीतीने नाही. हाताला तवा लागला. आणि ओरडले ते मीच, त्या पट्ट्यांच्या सदऱ्यातल्या माणसाला. मिसेस टॅननी तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, मग देवघराकडे, तेवत्या समईकडे, मग टीव्हीकडे. टीव्हीवर तोच डाव हळूहळू पुन्हा दाखवत होते. त्या पुढे झुकून बघू लागल्या. पोरगा धावला, हात वर, मागच्याने दंड धरला.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "होल्ड हॅन्ड ऑलरेडी व्हॉट. व्हाय नेव्हर ब्लो व्हिसल?"

पद्मनाभाने दोन्ही हात आकाशाकडे केले, जणू एवढं एक वाक्य ऐकण्यासाठीच तो इतकी वर्षं ओरडत होता. शुभाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि आवरेचना. मिसेस टॅनही छत्री टेकवून सोफ्यावर बसल्या आणि हसू लागल्या, तोंडावर हात धरून.

मग शुभाने सोफ्याखालून घंटा काढली, धुतली, नैवेद्य दाखवला. तीर्थाची पळी पद्मनाभाच्या हातावर दिली, तशीच मिसेस टॅनच्याही. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यांच्याही दाराशी रोज उदबत्ती जळते. पद्मनाभाने लवंग काढून हातात घेतली, आणि त्याचा दिवसाचा पहिला शब्द त्या म्हातारीसाठी निघाला. थँक यू, तो म्हणाला. माझ्या बायकोसाठी धावून आलात. त्याला राग आलाच नाही, ही गोष्ट शुभाने मनात जपून ठेवली.

मिसेस टॅननी चहा घेतला आणि तिथूनच मिस्टर चुआंना फोन लावला. तक्रार त्यांचीच होती. बायकोला दटावणारा माणूस आपल्या डोक्यावर राहतो, हे त्यांना बघवत नव्हतं. आता मात्र त्या फोनवर सांगत होत्या की माझीच चूक झाली, भला माणूस आहे, टीव्हीशी भांडतो. करार वाढवून टाका. निघताना एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी ओरडायचं तर खिडकी लावून ओरड.

दार लागल्यावर पद्मनाभ सोफ्यावर आडवा झाला. टीव्हीवर दुसराच कार्यक्रम लागला होता.

"हरलो की गं," तो म्हणाला.

"हो ना."

"पण आंटी त्या पंचापेक्षा बऱ्या. निकाल चुकला, पण जिना चढून वर आल्या, पाहिलं, आणि फिरवला." मग तो हळूच म्हणाला, "आणि तुला हे सगळं कळतं, हे कधी बोलली नाहीस."

"सोमवारी कुठे बोलते मी?"

तो ऑफिसला गेल्यावर शुभा पुन्हा देवघरापुढे बसली. मोडलेल्या मौनाबद्दल तिने क्षमा मागितली, वर एक जास्तीची माळ ओढायची ठरवली. घर राहिलं म्हणून आभार मानले. उठता उठता तिला राहवलं नाही. त्या पोराचा दंड कसा धरला होता, पंच किती जवळ होता, हेही तिने महादेवाला सविस्तर, आणि जरा मोठ्यानेच, सांगितलं. समईची ज्योत शांत तेवत होती. पिवळा रुमाल काही पडला नाही.