मनासारखे न बोलणारी नळी

मी रक्ताची नळी बोलते आहे. बोटाएवढी, पिवळ्या टोपणाची. कारखान्यात माझ्या पोटातली हवा काढून घेतली, म्हणून तर मी रक्त ओढून घेऊ शकते. माणसांतल्या पोकळपणाचा इतका चांगला उपयोग झालेला मी अजून पाहिलेला नाही.

रत्नागिरीच्या एका रुग्णालयात मला संशोधनासाठी आणले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग रक्तातल्या काही प्रथिनांवरून वेळीच हेरता येईल का, हे तपासायचे होते. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला बजावत, रक्त केवळ संशय सांगेल. निदान अस्तराचा तुकडा तपासूनच होईल. दारावरच्या फलकाने मात्र ‘एका थेंबात कर्करोग हद्दपार’ असे जाहीर करून टाकले होते. त्यावर कोणा पुढाऱ्याचे भलेमोठे छायाचित्र होते. थेंब शोधावा लागे.

जवळच्या भाट्ये गावच्या धोंडूबाई मासे विकतात. पाळी जाऊन बरीच वर्षे लोटल्यावर त्यांना पुन्हा रक्त जाऊ लागले. घराने आधी त्यांना देवघरापासून दूर केले. मग मुलगा महिपत ग्रामदेवतेचा कौल घ्यायला गेला. आईला दवाखान्यात न्यावे का, असे विचारताच गुरवाने मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. महिपतला तो गैरसोयीचा वाटला. त्याने प्रश्न बदलला: घरीच बरे वाटेल का? पुन्हा उजवीच पडली, आणि तो निश्चिंत झाला. या विधीत उत्तराचे स्वातंत्र्य देवतेला असते. प्रश्नाचे भक्त स्वतःकडे राखून ठेवतो.

हे सारे सुई टोचली जाईपर्यंत सून योगिनीने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकले. सासूला तिनेच आणले होते. धोंडूबाईंची अट एकच होती.

“हातातनं काय ता घ्या. तपासायच्या टेबलावर मी झोपायची नाय.”

माझ्यातल्या रक्तात ती प्रथिने वाढलेली निघाली. अस्तराचा तुकडा घ्यावा लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. निकाल ऐकायला आलेला महिपत शांतपणे म्हणाला, “दुसरी नळी भरून बघा ना. ही चुकली असंल.”

मला त्या गुरवाची दया आली.

प्रथिने वाढली नसती तरी या वयातल्या रक्तस्रावासाठी तुकडा तपासावाच लागला असता, हे डॉक्टरीणबाईंनी समजावले. महिपतचा आग्रह सुटेना. तेव्हा बाकावरून धोंडूबाई बोलल्या.

“देवाला इचारलंस, नळीला इचारलंस. आयशीला इचारलंस काय कदी?”

उत्तराची वाट न पाहता त्या चपला काढून आत गेल्या आणि टेबलावर झोपल्या.

कर्करोगच निघाला. पुढच्या तपासण्यांत तो गर्भाशयाबाहेर गेलेला दिसला नाही. शस्त्रक्रिया ठरली आहे.

आता मी कचऱ्याच्या लाल पिशवीत जाईन. पाळी संपलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसले, तर तिला देवघरापासून नव्हे, दुखण्यापासून दूर न्या, ही विनंती. बाहेर महिपत पाहुण्यांना सांगतो आहे की नळीने आईला वाचवले. आख्यायिका अशाच जन्मतात. मी फक्त संशय घेतला; टेबलावर धोंडूबाई झोपल्या.