केसरपुढचे शून्य

चोवीस मुलांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली होती. तेवीस मुलांनी टेबलावरच्या कोणत्या ना कोणत्या वस्तूला हात लावला. जोतीराम सुताराची दहा वर्षांची मुलगी केसर दहाही मिनिटे हात मांडीवर ठेवून बसली. त्याआधी पंधरा दिवस, पुढे त्या टेबलावर मांडलेली तीच पटाशी घेऊन तिने माझ्यादेखत सागाच्या तुकड्यात चौकोनी खोबण पाडली होती. मी ती मोजली. चारही बाजूंत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

हे साल १९७४. सात रस्त्याजवळच्या आमच्या शिक्षणसंस्थेने आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी हस्तकौशल्याचा वर्ग काढायचे ठरवले होते. मी संस्थेच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवीत असे. वर्गासाठी कोणती खेळणी आणि कोणती हत्यारे घ्यायची, आणि बारा जागांवर कोणती मुले घ्यायची, ही दोन्ही कामे चिटणीस आबासाहेबांनी माझ्यावर सोपवली. निवडलेल्या मुलाच्या सातवीपर्यंतच्या शिक्षणाचा सगळा भार संस्था उचलणार होती.

बाजारात तीन प्रकारचे संच मिळाले. पहिला रंगीत लाकडी हत्यारांचा. त्यातल्या हातोडीने खिळा वाकत असे, आत जात नसे. हातोडी कशी दिसते एवढेच ती शिकवू शकत होती. दुसरा भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा आणि नटबोल्टांचा. तिसऱ्यात खरी सुतारी हत्यारे होती, लहान मापाची: दोनशे ग्रॅमची हातोडी, करवत, रंधा, पटाशी, गुण्या. मुठींचा घेर ठरवण्यासाठी मी चाळीस मुलांचे तळवे मोजले होते. पण घेरावरून पोलाद कळत नाही. म्हणून तिसरा संच पिशवीत घालून मी शुक्रवार पेठेत जोतीरामकडे गेलो. तो मूळचा माळशिरसचा. तिथे बैलगाड्या करीत असे, इथे हातमाग दुरुस्त करी.

जोतीरामने हातोडी हातात तोलली, करवतीचे पाते वाकवून सोडले आणि म्हणाला, "बरी हायती. पर ह्ये केसरीला दावा. वापरणार पोरंच की."

केसरने पटाशीच्या धारेवर अंगठा आडवा फिरवला.

"गुरुजी, ही बोथट हाय. हिच्यानं पोरं हात कापून घेत्याल."

"बोथट आहे, तर कापेल कशी?"

"धार नसली की जोर लावावा लागतोय. जोर लावला की सटकती, सटकली की बोटात. तुमाला कदी लागली न्हाय व्हय?"

"मी सुतारकाम केलेले नाही."

"मग तुमी कशी काय निवडताय हत्यारं?"

"केसरे, जीभ आवर!" तिची आई सारजाबाई दारात विड्या वळत बसली होती. "पटाशीपरीस जिभंलाच धार हाय हिच्या. सासरी काय खुंट्या ठोकणार हाय का गं?"

जोतीरामने पटाशी घासून दिली आणि केसरने तिची धार पाहायला ती खोबण पाडली. तिचे नाव वर्गासाठी मीच सुचवले. तेव्हा जोतीराम मला बाहेर गल्लीत घेऊन गेला.

"तुमच्या कागदावर नाव आलं तर शिकंल ती. न्हाय तर चौथीची परीक्षा हूं दे न्हाय तर न्हाय, आई तिला विड्यांवर बसवणार. माझं घरात काय चालत न्हाय, गुरुजी. कागद असला म्हंजी बोलाया तोंड राहील मला."

मी नाव लिहून घेतले. निवड मात्र माझ्या शब्दावर होणार नव्हती. निवडीची पद्धत मी स्वतः आखली होती आणि तिचा मला अभिमान होता. चिठ्ठी नाही, शिफारस नाही, गुणपत्रक नाही. तिन्ही संच टेबलावर मांडायचे, मुलाला एकटे बसवायचे आणि पाहायचे. पहिला हात कशाला लागला, किती मिनिटांनी लागला, पुढे काय केले; या तीन रकान्यांवर गुण द्यायचे. मुलांनी बोलायचे नाही आणि काही विचारायचेही नाही. प्रश्नोत्तरे सुरू झाली की शिकलेल्या घरची बोलघेवडी मुले पुढे जातात, हे मी वर्गात रोज पाहत होतो. आणखी एक नियम होता: मुलाविषयी परीक्षकाला आधीपासून असलेली माहिती जमेस धरायची नाही. हा नियम मी मुख्यतः केसरसाठी केला. माझा कल तिच्या बाजूने आहे हे मला ठाऊक होते.

शाळेला सुटी असलेला एक दिवस आबासाहेबांनी ठरवला. आठ वाजता सुरुवात झाली. एका डॉक्टरांच्या मुलाने लाकडी हातोडीचा दांडा तिसऱ्या मिनिटाला मोडला. बँकेतल्या एका साहेबांच्या मुलीने दोन पट्ट्या जोडून तीन नट पिळले. कचेरीतल्या हेडक्लार्कचा मुलगा खऱ्या हातोडीने टेबल ठोकत राहिला. त्याला 'जोमदार' असा शेरा आणि सात गुण मिळाले.

केसर अकरावी होती. आत येताना तिने हत्यारांकडे पाहिले आणि हसली. खुर्चीपर्यंत येताना ते हसू गेले. तिने माझ्याकडे पाहिले. परीक्षकाने नजर द्यायची नाही, म्हणून मी घड्याळाकडे पाहत होतो. तिने काही विचारायला तोंड उघडले, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवले. ती बसली. खेळण्यांकडे तिने एकदाच पाहिले. उरलेला सगळा वेळ ती खऱ्या हत्यारांकडे पाहत होती, आणि हात मांडीवर होते. दहा मिनिटे संपल्यावर मी घंटी वाजवली. नमस्कार करून ती गेली. तिन्ही रकान्यांत मी शून्य लिहिले.

दुपारी आबासाहेबांनी तक्ता चाळला.

"सुताराची पोर, आणि हत्याराला हात नाही? वा मास्तर! तुम्ही म्हणत होता, रक्तात काही नसतं. बघा, खरंच काही नाही."

"तिला पुन्हा एकदा बसवावे, असे मला वाटते."

"मग बाकीच्यांनाही बसवा. नियम कोणाचे? तुमचेच ना? उद्या डॉक्टरसाहेब विचारतील, सुताराच्या पोरीला दोनदा का? काय सांगू मी त्यांना, मास्तरांचा जीव जडलाय म्हणून?"

त्यांचा तर्क बरोबर होता. मी सही केली. बारा नावांची यादी फलकावर लागली. जोतीराम विचारायला आला नाही. त्याला निकाल मान्य असावा, असे मी समजलो.

कारण मात्र मला सापडत नव्हते, आणि मी ते शोधले. टेबल उंच होते काय? मोजले; तिच्या वयाच्या मुलीला सोयीचेच होते. उजेड कमी होता काय? तिच्या मागेपुढे बसलेल्या मुलांना नव्हता. भीती? ज्या मुलीने मला हत्यारे निवडण्याचा माझा अधिकार काय म्हणून विचारले, ती घड्याळाला भिईल हे पटत नव्हते. आजार? त्या आठवड्यात ती रोज शाळेत हजर होती. एकही अनुमान टिकले नाही. वर्ग सुरू झाला.

फेब्रुवारीपर्यंत करवतीचे नऊ दात गेले होते, दोन मुले यायची बंद झाली होती आणि रंध्याची मूठ चिरली होती. रंधा घेऊन मी पुन्हा शुक्रवार पेठेत गेलो. केसर आईशेजारी बसली होती. तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्रीने कडेकडेने पान कापायचे, पुढचे घ्यायचे. तिने वर पाहिले नाही.

"ह्यो रंधा हाय, का मोगरी?" जोतीराम म्हणाला. "कुनी ठोकलाय ह्येच्यानं?"

मी केसरला विचारले, "त्या दिवशी तू कशालाच हात का लावला नाहीस?"

कात्री थांबली नाही. "लावायचा व्हता?"

"त्यासाठीच तर बोलावले होते."

"मग पुजली कशापायी?"

मला कळले नाही, आणि तसे मी सांगितले. जोतीरामने रंधा खाली ठेवला.

"गुरुजी, खंडेनवमी व्हती की त्या दिशी! हत्यारांवर हळदकुंकू व्हतं म्हणली पोरगी. पुजलेलं हत्यार दसरा उजाडल्याबिगर कोन उचलतंय? त्या दिशी आमी खिळासुदिक ठोकत न्हाय. आमाला वाटलं, तुमी मुद्दाम तसं मांडलंय. पोरांना रीत म्हाईत हाय का, ते बगाया. घरी आली ती नाचतच. म्हणली, 'अण्णा, कुंकू फिसकटलं व्हतं, माझ्या आदीच्या पोरांनी उचलली हत्यारं. मी न्हाय उचलली. माझा पैला नंबर.' साऱ्या गल्लीला सांगितलं आमी."

"मग यादी लागल्यावर माझ्याकडे का आला नाहीत?"

"कशाला? यादीत समदी साहेबांची पोरं. समजायचं ते समजलो."

मी म्हणालो, दोन जागा रिकाम्या आहेत, मी पुन्हा प्रयत्न करतो. उत्तर सारजाबाईने दिले.

"नगा करू. एकदा गल्लीत हसू झालं तेवढं बास झालं. आता हात बसलाय पोरीचा. दिसाला पाचशे वळती, माझ्या बरोबरीनं. पुन्यांदा तिच्या डोक्यात भरवू नगा काई."

जोतीरामने रंधा पुन्हा हातात घेतला. बोलायला लागणारा कागद त्याच्याजवळ नव्हता. केसर बोलली, पण माझ्याशी नव्हे.

"मूठ बाभळीची बसवा, अण्णा. सागाची पुन्यांदा चिरंल."

शाळेत येऊन मी शिपाई सिद्धाप्पाला विचारले. तो अक्कलकोटकडचा, खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती.

"होय की सर, मीच केलो पूजा. नवी हत्यारं आली, नवमीला तशीच ठेवायची काय? खेळण्यांना नाही लावलो, ती कुठली हत्यारं? झेंडूची फुलं तर तुम्हीच काढून ठेवलात की. वस्तू नीट दिसेनात म्हणालात."

ते खरे होते. फुले मी काढली होती. कुंकवाने काही झाकले जात नव्हते, म्हणून ते मी राहू दिले.

आबासाहेबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले. "म्हणजे एवढी शास्त्रीय परीक्षा घेऊन कुंकवानं नापास केलीत पोरीला? मास्तर, हे कागदावर आणू नका. आणि त्या दोन जागा मी कालच भरल्या."

तक्ता माझ्याकडेच होता. केसरच्या नावापुढची तीन शून्ये मी खोडली नाहीत. नोंद झालेली निरीक्षणे खोडायची नसतात. शेऱ्याच्या रकान्यात मी 'अभिरुचीचा अभाव' असे लिहिले होते, तेवढे कापले आणि खाली पुढील मजकूर लिहून तारीख घातली:

'परीक्षेच्या दिवशी खंडेनवमी होती. खऱ्या हत्यारांची सकाळी पूजा झाली होती. पूजेतले हत्यार दसऱ्याच्या आधी उचलायचे नसते, हे ज्या घरात हत्यारांवर पोट चालते तिथल्या मुलालाच ठाऊक असते, आणि चोवीस मुलांत तशी ही एकच होती. कुंकू परीक्षकाने पाहिले होते. त्याला अर्थ नाही असे समजून नोंदले नाही. मुलीने विचारण्याचा प्रयत्न केला. विचारायचे नाही, हा नियम परीक्षकाचा होता.'