कारदोन्यांची भाऊकी

वाशीमच्या बाजारात प्रयागबाईच्या वांग्यांना नाव ठेवायची हिंमत सहसा कुणी करत नसे. केलीच कुणी, तर ती टोपल्यातलं सगळ्यात मोठं वांगं त्याच्या हातात द्यायची आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "कारदोन्यायच्या मळ्यातलं हाय हे. चीर. कीड निंगाली तं टोपलंच तुयं." टोपलं न्यायची पाळी कुणावर आली नाही. शेजारच्या माळणी तिला चिडवायच्या, की हे कारदोने आडनाव आहे तरी कुठलं, ना आजूबाजूच्या गावात ऐकलं ना पाहुण्यारावळ्यांत. त्यावर प्रयागबाईचं उत्तर ठरलेलं असायचं. "साऱ्या वऱ्हाडात एकच घर हाय आमचं. राजाचंही एकच असते."

हे ती नुसतं तोंडाच्या जोरावर म्हणत नव्हती. तिच्या सासऱ्याचा, म्हणजे पुंजाजीचा, आजा फराशीस होता, फ्रेंचांच्या मुलखातला. निजामाच्या चाकरीतल्या एका पलटणीत तो तोफेवर होता. पलटण मोडली, बाकीचे गोरे समुद्राकडे निघून गेले. हा मात्र तापानं फणफणून वाशीमजवळच्या एका मळ्यात आडवा झाला, आणि ज्या माळ्यानं त्याला पेज पाजून उठवलं, त्याच घरचा जावई होऊन राहिला. त्याच्या मुलखात म्हणे कारदोन नावाची काटेरी भाजी होते. तिची देठं पेंढ्यात गुंडाळून उन्हापासून लपवावी लागतात, तेव्हा कुठं ती कवळी होतात. त्याचे बापजादे तीच पिकवायचे, म्हणून लोक त्यांना कारदोन म्हणू लागले. तिकडेही हे नाव एका खेड्यापुरतंच होतं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, काटेरी भाजीचं नाव प्रयागबाईला शोभून दिसतं. हे प्रयागबाईलाही मान्य होतं.

त्या फराशिसानं मागे दोनच गोष्टी ठेवल्या. एक हे नाव, आणि दुसरी कलमं बांधायची वाकडी सुरी. प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, लग्नाआधी त्याची पूजा होते. कुणाचं झाडाची पानं, कुणाचं एखादं हत्यार. कारदोन्यांच्या घरी देव्हाऱ्यात ही सुरी असायची. नाव मात्र काही केल्या पसरलं नाही. दर पिढीला एकच मुलगा झाला, त्यामुळे त्या आडनावाचं दुसरं घर कधी उभंच राहिलं नाही.

आणि घर एकच असलं, की भाऊकी नसते. सुतक धरायला, तिरडीला खांदा द्यायला, मांडवात फेटे बांधून मिरवायला आपल्या आडनावाची चार घरं लागतात. प्रयागबाईचा नवरा शालिग्राम तापाच्या मोठ्या साथीत गेला, तेव्हा त्याला खांदा दिला तो शेजाऱ्यांनी आणि तिच्या भावानं. मागे राहिल्या ती आणि तिची एकुलती एक मुलगी हौसा. हौसा लग्न होऊन गेली की तिचं आडनाव बदलणार, आणि प्रयागबाई डोळे मिटेल त्या दिवशी कारदोने हे नाव संपणार. प्रयागबाईला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण जोवर आपण आहोत तोवर ते ठणठणीत वाजवायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

माघात तिचा भाऊ जानराव केनवडचं स्थळ घेऊन आला. माणसं तालेवार होती, मळा मोठा, विहिरीला बारमाही पाणी. मुलगा गुलाबराव मामाकडे आला असताना हौसानं त्याला बाजारात पाहिलाही होता, आणि त्या दिवसापासून मेथीच्या जुड्या बांधताना तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. जानराव सगळं सांगून झाल्यावर जरा खाकरला.

"बाई, एक गोष्ट हाय. मी त्यायले तुमचं आडनाव इंगोले सांगतलं."

प्रयागबाईच्या हातातलं सूप थांबलं. "काहून?"

"कारदोने म्हटलं की पुसतीन, कोण कारदोने? मंग फराशीस निंगन. वाशीमात हे जुनं झालं, कोणी इचारत नाई. पण तठी केनवडात कोणी आयकून घेईन का? इंगोले गावोगावी हायत. कोण मोजाले जाते?"

"अन् माह्या सासऱ्याले काय सांगू? तुमचं नाव माह्या पोरीच्या लग्नात पुरून टाकलं म्हणू?"

"सासरा मेला वो! पोरगी जिती हाय. भाऊकी नसलेल्या घरात कोण सोयरीक करते? आदीच दोन स्थळं त्याच्यानंच परतली ना?"

हे मात्र खरं होतं. दोन स्थळं परतली होती, आणि दोन्ही वेळा हौसा मोटेवर जाऊन बसली होती. आता ती चुलीपाशी पाठमोरी होती आणि तव्यावरची भाकर करपत होती. प्रयागबाईनं ती पाठ पाहिली आणि तिचा सगळा ताठा उतरला. तिनं सूप खाली ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "कोणी इचारलं नाई तं मी बोलत नाई. पण मले समोर बसवून पुसलं, तं खोटं निंगनार नाई माह्या तोंडातून. आतापासूनच सांगून ठेवतो."

जानरावानं एवढ्यावरच समाधान मानलं.

फाल्गुनात केनवडची मंडळी कुंकू लावायला आली. मुलाचा आजा जगदेव, थकलेला पण ताठ बसणारा, आणि त्याची बायको तुळसाबाई. त्या घरात जगदेवाचा शब्द चालायचा, आणि तो शब्द काय असावा हे तुळसाबाई ठरवायची, असं ऐकिवात होतं. हौसा पाया पडून गेली. तुळसाबाईला ती पसंत पडली होती. चेहऱ्यावर तसं काही दिसू नये याची काळजी ती घेत होती एवढंच. पोहे झाले, पान झालं, आणि जानराव कुंकवाचा करंडा पुढं सरकवणार तेवढ्यात तुळसाबाई म्हणाली,

"मी इंगोल्यायचीच लेक हाय. तुमी कोणते इंगोले?"

जानरावाच्या तोंडचं पाणी पळालं. "ते... तिकडले. कारंज्याकडले."

"कारंज्याकडे आमची तीन घरं हायत. तिन्हीतले सारे मले ठाव हायत. शालिग्राम कोणाचा?" मग तिनं थेट प्रयागबाईकडे मान वळवली. "तुमीच सांगा, बाई. तुमचं देवक काय?"

जानराव डोळ्यांनी गयावया करत होता. आतल्या दाराआड हौसाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. प्रयागबाई उठली, देव्हाऱ्यातून सुरी आणली आणि पाहुण्यांच्या समोर पाटावर ठेवली.

"हे आमचं देवक. आमी इंगोले नाई. माह्या भावानं भाचीच्या मायेपोटी खोटं सांगतलं, त्याच्यावर राग धरू नका. आमी कारदोने. सासऱ्याचा आजा फराशीस होता, तोफ सोडून मळ्यात आला. तवापासून चार पिढ्या झाल्या, पोरी देल्या त्या माळ्यायले अन् सुना केल्या त्या माळ्यायच्या. भाऊकी इचारसान तं कोणी नाई. मी एकटी हाय. पण पोरगी चोख हाय अन् नावही चोख हाय. त्याच्यात मले लाजाचं काही दिसत नाई."

तुळसाबाईनं पदर सावरला.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "बैल जुपाले सांगा. गोऱ्याचं रक्त अन् वरून खोटं आडनाव. आपल्या पितरायले काय तोंड दाखवाव?"

जगदेव उठला नाही. तो पाटाकडे वाकून त्या सुरीकडे पाहत होता. मग त्यानं ती उचलली आणि पात्याच्या वाकणावरून अंगठा फिरवला.

"आडनाव काय म्हटलं, बाई?"

"कारदोने."

"तुमचा सासरा... घाऱ्या डोयाचा होता का? पुंजाजी?"

"होय," प्रयागबाई म्हणाली. आता गोंधळायची पाळी तिची होती. "तुमाले कसं ठाव?"

"माह्या बापानं बलावला होता त्याले कलमं बांधाले. ओळीनं दोन पावसाळे आला. तो बांधे अन् मी फांदी धरून उभा राहो. अशी वाकडी सुरी मी मंग कोठीच पाह्यली नाई." म्हातारा बायकोकडे वळला. "आपल्या विहिरीवरच्या आंब्याचं नाव काय?"

तुळसाबाईनं सुरीकडे पाहिलं.

"सांग ना वो."

"कारदोन्या," ती म्हणाली. ते नाव ती आयुष्यभर घेत आली होती, पण आत्ता तोंडातून निघताना तिचं तिलाच ते नवं वाटलं.

"पह्यलं फळ धरलं तवा बापानं त्याले सांगावा धाडला. तो तं मेला होता. बाप म्हने, ज्याच्या हाताचं झाड त्याचंच नाव त्याले. आता त्या एका झाडाची कलमं साऱ्या केनवडात झाली. पोट्टे आंबा मांगतात तं कारदोन्या मांगतात." जगदेवानं सुरी पुन्हा पाटावर ठेवली, पातं आपल्याकडे आणि मूठ प्रयागबाईकडे करून. "अन् तू पितरायचं पुसून राह्यली. अखजीले पितरायच्या पानावर रस कोण वाढते? तूच ना? आदी त्यायले, मंग लेकरायले. इतके वर्ष वाढला. कोणत्या पितरानं पान मांगं सारलं?"

अक्षय तृतीयेला पितरांना आंब्याचा रस दाखवल्याशिवाय त्या घरात कुणी आंब्याला हात लावत नसे, आणि तो रस तुळसाबाई स्वतःच्या हातानं काढायची. दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाही. पण एका झटक्यात हार मानणारी बाई ती नव्हती.

"ते आंब्याचं झालं," ती म्हणाली. "मांडवाचं काय? चार माणसं पुसतीन, पोरीकडली भाऊकी कोठी हाय. तवा कोणाले दाखवान?"

"ते मी पाह्यतो," जगदेव म्हणाला.

"तुमी नका पाहू," तुळसाबाई म्हणाली. "तुमाले काही जमत नाई." आणि तिनंच करंडा ओढून हौसाला हाक मारली.

जानराव त्या दिवशी पोटभर जेवला. प्रयागबाईनं त्याला काही म्हटलं नाही, फक्त जेवताना दोनदा मुद्दाम विचारलं, "अजून भाजी वाढू का, इंगोले?"

लग्न वैशाखात धरलं. मुलीच्या घरी लग्न, म्हणून प्रयागबाईनं मळ्यात मांडव घातला, वांग्यांचे दोन वाफे मोकळे करून पंगतीची जागा केली. शेजारी राबत होते, जानराव धावपळ करत होता. तरी देवक बसवायच्या वेळी, जिथं घरच्या आडनावाच्या माणसांनी पुढं व्हायचं, तिथं ती सुरीचा पाट घेऊन एकटीच उभी राहिली. मांडवातले लोक पाहत होते. दोघी बायका आपसांत कुजबुजल्या, आणि त्या काय कुजबुजल्या हे प्रयागबाईला न ऐकताच कळलं. तिनं मान खाली घातली नाही. पण मांडव तिला फार मोठा वाटायला लागला.

तेवढ्यात वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीत नवरदेव नव्हता. त्या गाडीत ओल्या फडक्यानं बुंधा गुंडाळलेली आंब्याची एक भली मोठी फांदी होती, पानांनी गच्च, पाडाला आलेल्या आंब्यांच्या घोसासकट, आणि तिच्या शेजारी तिला ऊन लागू नये म्हणून स्वतःचा पदर धरून तुळसाबाई बसली होती. केनवडपासून एवढ्या वाटेवर तिनं तो पदर कुणाला धरू दिला नव्हता, असं गाडीवान मागून सांगत होता.

तुळसाबाई खाली उतरली. दोघा गड्यांनी फांदी उचलली. ती त्यांच्या पुढं चालत मांडवात आली आणि कुजबुजणाऱ्या बायकांना ऐकू जाईल असं ठणकावून म्हणाली,

"सरका. पोरीकडली भाऊकी आली हाय. कारदोन्या. केनवडात याची चाळीस घरं हायत."

मांडवात हसू फुटलं. सगळे प्रयागबाईकडे पाहू लागले, कारण आता ती काहीतरी सणसणीत बोलणार याची सगळ्यांना खात्री होती. पण प्रयागबाईचे डोळे भरून वाहू लागले आणि ती ते पुसतही नव्हती.

मग तिनं हौसाकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला. दूरचा पाहुणा दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात, तसं तिनं फांदीच्या बुंध्याचं फडकं सोडून त्यावर पाणी घातलं आणि आपल्या पदरानं तो बुंधा पुसला.

"या," ती म्हणाली. "लय उशीर केला."