किल्ला बघायला

आमच्या सोसायटीत "दमणला जातो" असं मोठ्याने म्हणायची सोय नाही. गुजरातेत दारूबंदी, आणि दमण पडलं हद्दीपलीकडे. त्यामुळे दमणला जाणारा प्यायलाच जातो, अशी अख्ख्या सुरतेची खात्री. आमचे हे मात्र जिन्यातूनच ओरडत उतरायचे, "दमणला चाललो, किल्ला बघायला!" शेजारचे हसमुखभाई मला बघून डोळा मिचकवायचे. "किल्लो जोवा? जोई आवो, जोई आवो!" यांच्या डोक्यात काही उजेड पडायचा नाही. म्हणायचे, "बघ प्रमिला, माणसाला इतिहासाची किती आवड आहे." आता काय बोलणार? कपाळ!

हे टेलिफोन खात्यात होते. दर मे महिन्यात आमची सहल म्हणजे समुद्रकाठचा एक किल्ला, दुसरं काही नाहीच. लोकांची पोरं महाबळेश्वरला घोड्यावर बसायची, आमची वसईच्या तटावर उन्हात भाजून निघायची. अर्नाळा झाला, केळवे झालं. अलिबागला भरती यायच्या आत परत फिरायचं म्हणून यांनी आम्हाला इतकं पळवलं की माझी एक चप्पल तिथल्या चिखलात राहिली ती राहिलीच. मी वाटभर कटकट करायचे. पण रात्री अडीच वाजता उठून धपाटे करायला मीच उभी असायचे ना?

दरवाजाशी पोचलं की ललित आणि तेजस्विनी आत पळायची आणि आडोशाला लपायची. हे बाहेर थांबून लाकडावर थाप मारायचे. "दार उघडा! सुरतेहून आलोय!" आतून पोरं बोंबलायची, "लूट काय आणलीत?" मग हे डबा उंच धरायचे. "धपाटे!" महाराजांनी सुरतेहून काय काय नेलं ते जगाला ठाऊक आहे. आम्ही पडलो सुरतेतली नोकरदार मराठी माणसं, आमच्याकडे नेण्यासारखं एवढंच. येणारी जाणारी माणसं बघत राहायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा दमणहून परतताना नाक्यावर पोलिसाने आमची टॅक्सी थांबवली. पाण्याच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला. यांनी सांगितलं, किल्ला बघायला गेलो होतो. तो खो-खो हसला. हे त्याला बुरुज समजावून सांगायला लागले, खंदक समजावून सांगायला लागले. शेवटी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "जाओ काका, जाओ."

हे गेले आणि किल्ले संपले. तेजस्विनी लग्न होऊन नाशिकला गेली. ललित पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात लागला. सकाळी जातो, रात्री येतो, ताटावर बसून टीव्ही बघतो. "भाजी कशी झालीय?" म्हटलं तर "हं." "आज उशीर झाला?" तर "हं." दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतो तो कुकर. भांडायला तरी माणूस हवं की नाही? हे होते तेव्हा मला शांतता हवी असायची. आता ती इतकी आहे की कुणी कपबशी जरी फोडली तरी मला बरं वाटेल.

गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या मे महिन्यात, मी आत कणीक मळत होते आणि ललित फोनवर बोलत होता. "हो रे, उद्या नक्की. किल्ला बघायला. सकाळी निघू."

किल्ला बघायला! माझे हात परातीतच थांबले. मनात म्हटलं, बघा हो, तुमचं पोर शेवटी तुमच्यावरच गेलं. त्याला विचारलं मात्र नाही. विचारलं की "हं" म्हणतो, आणि मला त्या "हं"ने सगळं नासवायचं नव्हतं. पहाटे उठून धपाटे केले, दही बांधून घेतलं, शेंगदाण्याची चटणी घेतली, यांचा तो पितळी डबा चिंचेने घासून लख्ख केला. खाली मारुती व्हॅनचा हॉर्न वाजला, तेव्हा मी पायात चपला घालून, पिशवी घेऊन दारात उभी.

ललित बाथरूममधून बाहेर आला आणि बघतच राहिला. "तू कुठे?"

"कुठे म्हणजे? किल्ला बघायला."

त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं याला पित्ताचा त्रास होतोय. खाली त्याचे मिलमधले दोघे दोस्त होते, वाल्मिक आणि केतन. तिघांचं व्हॅनच्या मागे जाऊन काहीतरी कुजबुजणं झालं. मग केतन हसत आला, स्वतः दार उघडून म्हणाला, "बेसो, काकी, बेसो. तुम्ही तर पाहिजेच!" गुणी पोरगा, मी मनात म्हटलं. वाटेत मी केवढी बोलले! वसई, अर्नाळा, ती चिखलातली चप्पल. हे गेल्यापासूनचं, तीन वर्षांचं साचलेलं सगळं बोलले. वाल्मिक "हो का काकू" म्हणत होता. ललित काचेतून बाहेर बघत होता.

दमणला नदीकाठच्या किल्ल्याच्या दाराशी त्यांनी मला उतरवलं. "आई, तू हो पुढे. आम्ही गाडी लावून येतो."

मी आत गेले. मुद्दामच आत गेले. म्हटलं, आता बापाची जागा याची. हा बाहेरून थाप मारणार, मी आतून ओरडणार. भिंतीला लागून, पदर सावरून, लहान पोरीसारखी लपून उभी राहिले. आत मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांचा चेंडू माझ्याकडे आला, मी परत टाकला. पुन्हा आला, पुन्हा टाकला. कुणाची वाट बघतेय म्हणून एकाने विचारलं, "माजी, कोईनी राह जोवो छो?" मी म्हटलं, "हा बेटा, दीकरो आवे छे."

लेक कुठला यायला! पाय दुखायला लागले तेव्हा तटावर चढले. वरून नदी दिसते, होड्या दिसतात, आणि समोरच्या रस्त्यावर ओळीने लागलेल्या दारूच्या दुकानांच्या पाट्या दिसतात. त्यातल्या एका पाटीखाली आमची व्हॅन उभी होती.

हसमुखभाईंचा मिचकवलेला डोळा आठवला. ललितच्या बापाच्या भोळेपणावर अख्खी सोसायटी ज्या शब्दाने हसली, तोच शब्द माझ्या पोराने उचलला होता. किल्ला बघायला जायचं म्हणजे प्यायला जायचं. इतका राग आला की हाताशी असता तर थोबाडीतच दिली असती. पण हाताशी नव्हता. मी डबा न उघडता तिथेच बसून राहिले आणि खूप रडले. बघायला कोण होतं?

ऊन उतरल्यावर तिघे आले. डोळे तांबारलेले, तोंडात बडीशेप. परतताना गाडी वाल्मिक चालवत होता, त्यातल्या त्यात तो शुद्धीत होता. माझ्या पायाखाली एक पिशवी सरकवून केतन म्हणाला, "काकी, याच्यावर पाय ठेवा आरामात." वरून ललितने माझी शाल पसरली. स्वतःच्या हाताने. गाडी खड्ड्यात गेली आणि पायाखाली काचा किणकिणल्या. आता कळलं, मी "तर पाहिजेच" ती कशासाठी.

नाक्यावर पोलिसाने बॅटरीचा झोत आत टाकला. "क्यां गया'ता?"

पुढे बसलेल्या ललितची मान ताठ झाली. परीक्षेचा निकाल ऐकताना व्हायची, अगदी तशी. मला वाटलं, सांगून टाकावं. मिळू दे चांगली अद्दल.

"किल्लो जोवा," मी म्हटलं.

झोत माझ्या पांढऱ्या केसांवर आला. पोलिसाचा आवाज नरमला. "शुं लाव्या, माजी?"

काय आणलंत. भिंतीला टेकून जो प्रश्न विचारायची मी वाट बघत होते, तो मलाच विचारला या परक्या माणसाने. मी डबा उघडून उंच धरला.

"धपाटे."

त्याने वास घेतला, एक उचलला आणि हात केला. "जवा दो."

नाका मागे पडल्यावर व्हॅनमध्ये नुसता दंगा! केतनने माझे पाय धरले. "काकी, पुढच्या वेळी पण यायचं हां!" ललित हसला नाही. वळून बघितलंही नाही.

घरी येऊन मी अबोला धरला. पण ज्या घरात बोलणंच नाही, तिथे अबोला कुणाला कळणार? त्याला चांगला फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. बापाचं नाव घेऊन, एकेक शब्द मोजून, काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं.

पुढच्या शुक्रवारी तो जेवत होता. टीव्ही चालू होता. त्याने हात लांब करून टीव्ही बंद केला. माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच असं सरळ बघितलं.

"आई," तो म्हणाला, "उद्या किल्ला बघायला येतेस?"

पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

"येते की," मी म्हटलं. "धपाटे किती करू?"